हौदा मोजला का?

२०२२ च्या एप्रिलमध्ये मी अडीच टन सळई एकदम घेतली. युक्रेनचं युद्ध पेटून दीड महिना होत आला होता, दुकानदार रोज सकाळी नवा दर सांगत होता, आणि आमच्या घराचे कॉलम जेमतेम जोत्याच्या वर आले होते. स्लॅबला अजून दीड महिना तरी होता. पण दर चढताना बघून माझा धीर सुटला. "मॅडम, आजचं आज बोला, उद्याचं मी सांगत नाही," असं तो म्हणाला आणि मी कर्जातली मिळालेली रक्कम उचलून सगळ्या घराची सळई अंगणात आणून टाकली. २२ मे रोजी केंद्र सरकारने पोलादावर निर्यात शुल्क लावलं आणि भाव उतरायला लागले. आमचा स्लॅब झाला त्या आठवड्यात तीच सळई किलोमागे दहा-बारा रुपयांनी स्वस्त मिळत होती. पंचवीस-तीस हजारांचा तो फटका. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पंचवीस हजार म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको.

त्या दिवसांत मला नीट झोप लागत नव्हती. नवरा पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवार येणारा. कराडपासून जवळच असलेल्या आमच्या गावात घराचं काम मीच बघत होते. एका संध्याकाळी सळईच्या ढिगाशेजारी बसून मी अण्णामामांना ही सगळी कहाणी सांगितली. अण्णामामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. कालव्यांची अस्तरं, पूल, मोऱ्या यांच्या काँक्रीटवर त्यांनी सगळी नोकरी काढली. त्यांनी ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "पोरी, युद्ध तुझ्या हातात होतं का? नाही ना? मग सोड ते. तुझ्या घरात टेप आहे का?"

टेप नव्हता. घर बांधायला काढलं होतं, पंधरा लाखांचं कर्ज डोक्यावर घेतलं होतं आणि घरात साधा मोजायचा टेप नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी स्वतःचा आणला, जुना, तीस मीटरचा, चामडी कव्हरचा. तो पुढे महिनाभर आमच्या ओट्यावर होता.

त्याच आठवड्यात क्रश सँडची, म्हणजे दगड भरडून केलेल्या वाळूची गाडी आली. नदीची वाळू मी आधीच सोडून दिली होती. मिळेल की नाही, पावतीची असेल की नाही, यातच जीव जातो. क्रश सँडवाल्याशी मी बरीच घासाघीस केली होती आणि ब्रासमागे दोनशे रुपये कमी करून घेतले होते. दोन ब्रासची गाडी, म्हणजे चारशे रुपये वाचले. मला त्याचं समाधान होतं. ड्रायव्हर वाळू ओतायला गाडीचा हौदा उचलणार एवढ्यात मामा आडवे आले. "थांब जरा," म्हणाले. चाकावर पाय देऊन वर चढले. वय सत्तर. आधी हौद्याची आतली लांबी घेतली, दहा फूट. रुंदी सहा फूट. मग हातात दहा मिलीमीटरच्या सळईचा एक तुकडा घेऊन तो वाळूत तळाला टेकेपर्यंत खुपसला, वाळूच्या पातळीवर बोट धरलं, बाहेर काढून मोजला. चारही कोपऱ्यांत अडीच फूट. मधोमध, जिथे ढीग उंच दिसत होता तिथे पावणेचार. पाचांची सरासरी पावणेतीन. दहा गुणिले सहा गुणिले पावणेतीन, एकशे पासष्ट घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास. म्हणजे पैसे दोन ब्रासचे आणि हौद्यात एक पूर्णांक पासष्ट.

ढीग मधे शिगोशीग भरलेला असला की गाडी भरलेली वाटते. मला वाटली होती.

मामा खाली उतरले, घरातून लोणच्याची रिकामी काचेची बरणी मागितली. तिच्यात ती ओलसर वाळू न दाबता भरली आणि बाहेरून बोटं लावून मोजली, आठ बोटं. मग पाणी ओतलं, काडीने ढवळलं आणि बरणी ओट्यावर ठेवून दिली. वाळू बसत गेली. साडेसहा बोटांवर थांबली. मी आयुष्यात कधी न पाहिलेली गोष्ट होती ही. थोडी ओल असली की वाळूच्या कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा धरतो, कण एकमेकांपासून लांब राहतात आणि वाळू फुगते. पूर्ण भिजवली की परत बसते. आमची वाळू जवळजवळ पाव हिश्शाने फुगलेली होती. मामांनी पाटीवर हिशोब केला. एकशे पासष्टातली खरी वाळू एकशे चौतीस घनफूट. दोन ब्रासच्या पैशात सव्वा ब्रासच्या थोडी वर.

चारशे रुपये वाचवल्याचं समाधान घेऊन बसलेली मी, आणि माझ्यासमोर दोन तृतीयांश ब्रास वाळू हवेत विरून गेलेली.

फुगलेल्या वाळूबद्दल मी कुणाला दोष देणार नाही. ती ओली असते, तशीच येते. पण ती फुगलेली आहे हे माहीत नसेल तर दुहेरी मार बसतो. पैसे जातातच, शिवाय मापाच्या पेटीने मोजून काँक्रीटचा माल केला तर पेटीत वाळू कमी पडते, आणि काँक्रीटचं प्रमाणच बिघडतं. मामांनी बरणीच्या हिशोबाने पेटीला जादा माप ठरवून दिलं. हौद्यातल्या तुटीचं मात्र मी पुरवठादाराला फोन करून सांगितलं. आवाज न चढवता, आकडे वाचून. पुढची गाडी आली ती कोपऱ्यांपर्यंत सपाट भरून आली.

तेव्हापासून माझ्या हिशोबाच्या वहीचं पान बदललं. आधी मी दर लिहीत होते: सिमेंट पोतं साडेतीनशे, मजुरी चौरस फुटाला इतकी, खडी इतकी. आता डाव्या बाजूला माप आणि उजव्या बाजूला दर लिहायला लागले, आणि डावी बाजू आधी भरायची असा नियमच झाला. आपल्याकडे घर बांधणारा माणूस भेटला की पहिला प्रश्न असतो, "काय रेटने दिलं?" किती माल लागला, हे कुणी विचारत नाही. दर चार ठिकाणी विचारून चार-पाच टक्के खाली येतो, आणि माप न बघितल्याने वीस-तीस टक्के निघून जातं. हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं असतं तर मी मान डोलावून विसरले असते. लोणच्याच्या बरणीने ते डोक्यात बसवलं.

आमचा स्लॅब तीस फूट बाय तीस. जाडी पाच इंच. नऊशे गुणिले पाच भागिले बारा, तीनशे पंच्याहत्तर घनफूट, म्हणजे साडेदहा घनमीटरच्या थोडं वर. बीम आणि छज्जे धरून पंधरा घनमीटर. एम-२० या प्रतीचं काँक्रीट, म्हणजे एक भाग सिमेंटला दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी, घनमीटरला साधारण आठ पोती सिमेंट. एकशे वीस पोती. हा आकडा मामांनी वहीत लाल पेनने लिहिला आणि खाली रेघ मारली. ठेकेदाराने माझ्याकडे एकशे पन्नास मागितली होती. त्याचा हेतू वाईट होता असं नाही. "कमी पडू नये" हा त्याचा हिशोब. पण उरलेल्या पोत्यांचं काय होतं ते मी जोत्याच्या वेळी पाहिलं होतं. बारा पोती उरली होती, पडवीत जमिनीवरच रचली, तीन महिन्यांनी त्यातली चार दगड झाली. आम्ही एकशे पंचवीस आणली, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचली.

सळईबद्दल थोडक्यात. बारा मीटरची कांडी. एका खोलीला चार मीटर वीसचे तुकडे लागत होते. एका कांडीतून दोन निघाले की तीन मीटर साठचा तुकडा उरतो. सळई कापून बांधणारा फिटर तो बाजूला फेकत होता आणि शेजारच्या खोलीच्या साडेतीन मीटरच्या सळईसाठी नवी कांडी कापत होता. मामांनी एक कागद घेतला, सगळ्या लांब्या उतरत्या क्रमाने लिहिल्या आणि कुठला तुकडा कुठल्या कांडीतून हे मांडून दिलं. आधी लांब काप, मग आखूड, उरलेल्यातून बीम-कॉलमच्या सळयांभोवती घालायच्या रिंगा. शेवटी भंगारात गेलेले तुकडे मी एकटी दोन हातांत उचलू शकत होते. एप्रिलमधल्या त्या चढ्या भावाचं दुःख तिथे पहिल्यांदा जरा हलकं झालं.

मामांना काटकसर आवडायची, पण कशात काटकसर करायची नाही हेही ते तितक्याच ठामपणे सांगायचे. सळई आणि सेंटरिंगची प्लेट, म्हणजे ज्यावर काँक्रीट ओततात तो तात्पुरता साचा, यांच्यामध्ये वीस मिलीमीटरची जागा राहायला हवी, म्हणजे सळईला काँक्रीटचं पांघरूण मिळतं आणि ती गंजत नाही. फिटरची पोरं खाली खडीचे खडे सरकवत होती. पाय पडला की खडा निसटतो आणि सळई प्लेटवर टेकते. मामांनी आदल्या आठवड्यातच सिमेंट-वाळूच्या वीस मिलीमीटर जाडीच्या चौकोनी वड्या पाडून, मधे तार खोवून, पाण्यात भिजत टाकल्या होत्या. एका पोत्याच्या आत काम झालं. "या वड्यांचा खर्च वाचवला तर दहा वर्षांनी छताचे पोपडे पडतील, मग गवंडी, मग केमिकल, मग परत रंग," ते म्हणाले.

माझे आजोबा, म्हणजे मामांचे वडील, कोयना धरणाच्या कामावर मिस्त्री होते. धरण १०३ मीटर उंच, आणि ते रबल काँक्रीटचं आहे: काँक्रीटमध्ये मोठमोठे दगड बसवत नेलेलं. दगडाने जेवढी जागा घेतली तेवढं सिमेंट वाचलं. मामा लहानपणी ते काम बघायला जायचे. दगड आधी धुऊन घेत, मगच आत बसवत, कारण माती लागलेला दगड काँक्रीटला धरत नाही, असं ते सांगत. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात धरणाच्या वरच्या भागाला तडे गेले, पण धरण उभं राहिलं, आणि नंतर त्याला काँक्रीटचा जादा आधार देऊन मजबूत केलं गेलं. आमच्या घरात ही गोष्ट अनेकदा सांगितली गेली आहे. पण वाचवायचं ते विचार करून, आधी कागदावर, आणि दगड धुऊन, हा तिचा अर्थ मला स्लॅबच्या वेळी कळला.

५ जून, रविवार. स्लॅबची तारीख ठरली. आदल्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मामा पाण्याची पारदर्शक नळी घेऊन सेंटरिंगवर चढले. एक टोक माझ्या हातात, एक त्यांच्या. कोपऱ्यातल्या कॉलमवर पेन्सिलची खूण, मग खोलीखोलीत पातळी बघत फिरणं. हॉलच्या मध्यावर प्लेटा पाऊण इंच खाली होत्या. खाली जाऊन बॅटरीच्या उजेडात बघितलं तर तिथले दोन टेकू नव्या भरावाच्या मातीवर नुसतेच उभे, खाली फळी नाही. रिकाम्या प्लेटांच्या वजनानेच ते खचले होते. दुसऱ्या दिवशी या स्लॅबवर पंचवीस टनांहून जास्त ओलं वजन येणार होतं.

मामा तिथे जमिनीवर उकिडवे बसले आणि मला म्हणाले, "हिशोब कर. सगळा स्लॅब अर्धा इंच बसला तर किती माल जादा जाईल?" वर तर सपाटच करणार, जाडी वाढणार ती खालून. मी वहीच्या मागच्या पानावर केला. नऊशे गुणिले अर्धा भागिले बारा, साडेसदतीस घनफूट. एक घनमीटरच्या वर. साडेआठ पोती सिमेंट, त्याच्या दीडपट वाळू, तिप्पट खडी, आणि अडीच टन वजन, जे घराला काहीही उपयोगाचं नाही पण बीमना जन्मभर उचलावं लागेल. सेंटरिंगच्या मुकादमाला रात्री साडेआठला फोन केला. तो आला, कुरकुरला नाही. फळ्या घातल्या, पाचरी ठोकल्या, नळी परत फिरवली. साडेदहाला जेवलो.

सकाळी सातला नारळ फुटला. टोळी विजापूरकडची. पंचवीसेक माणसं, निम्म्या बायका. मिक्सर धडधडायला लागला आणि पहिल्या तासात सगळं ठरल्याप्रमाणे चाललं: एक पोतं, दीड पेटी वाळू, तीन पेट्या खडी, आणि खुणेच्या बादलीने पाणी. एम-२० ला पोत्यामागे जास्तीत जास्त तीस लिटर पाणी असं मानकात लिहिलेलं आहे, आणि वाळूतली ओल त्यातून वजा करायची. मामांनी पंधरा लिटरच्या बादलीला आतून रंगाची रेघ मारून ठेवली होती. साडेदहाच्या सुमारास ऊन तापलं आणि मिक्सरवाल्याने हळूच नळीच धरली. माल पातळ झाला, घमेल्यातून सरसर उतरायला लागला, वरची माणसं खूश. मला फरक दिसला कारण घमेल्याच्या कडेवरून राखाडी पाणी ओघळत होतं.

मी मिक्सरजवळ गेले. मिक्सरवाला तरुण पोरगा होता. म्हणाला, "मॅडम, घट्ट माल ओढताना बायकांची कंबर मोडती. थोडं पाणी घातलं तर काय होतंय?"

तो खोटं बोलत नव्हता. घट्ट माल पसरणं हे खरंच कष्टाचं काम आहे, आणि त्या बायका सकाळपासून डोक्यावर घमेली वाहत होत्या. पाणी फुकट, आणि त्याने सगळ्यांचंच काम हलकं होतं. म्हणून ते प्रत्येक साइटवर घुसतं. पण सिमेंटला लागतं त्यापेक्षा जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. काँक्रीट कच्चं राहतं, पावसाळ्यात पाझरतं. पोत्याला साडेतीनशे रुपये मोजून आणलेलं बळ फुकटच्या पाण्याने धुऊन जातं. मामांनी त्याला रागावून काही सांगितलं नाही. त्यांनी तालुक्याला फोन लावून काँक्रीट थरथरवून नीट बसवणारा दुसरा व्हायब्रेटर भाड्याने मागवला, पाणी न वाढवता माल सैल करणाऱ्या प्लॅस्टिसायझरचा डबा उघडला आणि बायकांना अर्धा तास सावलीत बसवून चहा-भजी दिली. व्हायब्रेटरचं भाडं, भजी, अर्ध्या तासाची खोटी, सगळं मिळून दोन हजारांच्या आत. त्या दिवसातला तो सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च होता असं मी आजही मानते. त्यानंतर नळी बंद राहिली आणि बादली चालू राहिली.

मिक्सरमध्ये मोजून दिलेलं पाणी नंतर स्लॅबवर मात्र हात न आखडता द्यायचं असतं. सोमवारी सकाळी वर मातीची आळी बांधली आणि पाणी भरलं. कॉलमना गोणपाट गुंडाळलं. आम्ही वापरलं ते पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट. त्याला किमान दहा दिवस पाणी द्यायचं, आणि असल्या उन्हात चौदा. त्या वर्षी आमच्याकडे मृग कोरडाच गेला. शाळा सुरू झाल्यावर मी पहाटे पाचला आणि संध्याकाळी सहाला जिना चढून आळी भरत होते. बोअरचं पाणी कमी पडलं तेव्हा तीन दिवस टँकर घेतला, आणि शेजारणीने विचारलंही, "पाण्यावर एवढा खर्च?" आठव्या दिवशी मुकादम प्लेटा मागायला आला, त्याला दुसरी साइट धरायची होती. बाजूच्या प्लेटा आम्ही दुसऱ्याच दिवशी सोडून दिल्या होत्या. अडवून ठेवण्यात कुणाचाच फायदा नव्हता. पण बीमखालचे टेकू मामांनी हलू दिले नाहीत. त्याचे जादा दिवस धरून पैसे आधीच बोलले होते, म्हणून भांडण झालं नाही. ही बोलणी आधी झाली नसती तर मीही कदाचित संकोचाने हो म्हणून गेले असते.

स्लॅबच्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. पावणेपाचला शेवटचं घमेलं वर गेलं. मिक्सरमध्ये थोडा माल उरला. मामांनी त्याची सोय दोन दिवस आधीच करून ठेवली होती: परसात तुळशीच्या चौथऱ्याच्या चार फळ्या ठोकून, आत दोन तुकडे सळईचे टाकून. उरलेला माल कुठे जाणार हे ठरलेलं नसेल तर तो रस्त्याच्या कडेला पडतो. आमचा चौथऱ्यात गेला आणि काठोकाठ बसला. टोळी मटणाच्या जेवणाला बसली, माझ्या सासूबाई वाढत होत्या.

मामा आणि मी मिक्सरजवळ रिकामी पोती गोळा करत होतो. सकाळपासून मामांनी एकही रिकामं पोतं उडू दिलं नव्हतं. दहा-दहांचे गठ्ठे सुतळीने बांधून ठेवले होते. किती सिमेंट गेलं हे तोंडी विचारायचं नाही, पोती मोजायची. बारा गठ्ठे आणि वर तीन. एकशे तेवीस. फळीवर भरलेली दोन शिल्लक. एकशे पंचवीस, बेरीज जुळली.

मला आनंद झाला. पंधरा घनमीटरच्या कामात तीन पोत्यांचा फरक. पण मामा वही उघडून बसले. "तीन कुठे गेली?"

एक तुळशीच्या चौथऱ्यात, असं धरलं. एक माल वर चढवायच्या लिफ्टच्या हुकाला अडकून फाटलं होतं, अर्धंअधिक सिमेंट जमिनीवर सांडलेलं मी स्वतः पाहिलं होतं. तिसऱ्याचा शोध लागेना. कॉलमच्या जोडावर सकाळी मारलेलं सिमेंटचं पाणी? ते पाव पोत्याच्या वर नसेल. एखाद्या बीमची प्लेट फुगली असेल? बॅटरी घेऊन आम्ही पुन्हा सगळे बीम बाहेरून बघत फिरलो. अंधार पडला होता, ओल्या काँक्रीटचा वास सगळीकडे भरून राहिला होता, आणि पंगतीतून कुणीतरी मामांना हाक मारत होतं, "सायेब, या की जेवायला."

मामांनी वहीत लिहिलं, "१ पोतं, हिशोब लागला नाही," खाली तारीख घातली, आणि टेप माझ्या हातात दिला.